लिलावघरातले चार रुमाल

त्या रविवारची सकाळ मी विसरलेलो नाही. विसरून जाव्यात अशा सकाळी नोकरीत पुष्कळ आल्या आणि त्या मी वेळच्या वेळी विसरलो, पण ही एक डोक्यात बसली ती बसलीच. यात कोणाचंही नाव देणार नाही. ती साधी संसारी माणसं आहेत आणि छापून येण्याची त्यांना हौस नाही.

आधी थोडं माझ्याविषयी, नाहीतर वाचकांना वाटेल की हॅम्बर्गच्या पोलिसात हा मराठी माणूस शिरला कुठून. वडील जहाजावर इंजिनिअर होते. इथल्या बंदरात कायमची नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी आम्हाला साताऱ्याहून इकडे आणलं. मी तेव्हा पाचवीत होतो. पुढे इथलीच शाळा, इथलंच नागरिकत्व आणि पोलिसातली भरती. मराठी मात्र आईने सुटू दिलं नाही. घरात जर्मन बोललं की ती जेवायला वाढत नसे, त्यामुळे माझी मातृभाषा टिकली ती पोटापायी.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं माझी नेमणूक रेपरबानजवळच्या ठाण्यात होती. रेपरबान म्हणजे या शहराची रात्री जागणारी गल्ली. नाचघरं, नाटकघरं, बिअरची दुकानं, आणि काही अशी दुकानं जिथे नातेवाइकांना घेऊन जात नाहीत. शनिवारी रात्री अर्धं शहर तिथे लोटतं आणि पहाट झाली की तीच माणसं उतारावरून खाली नदीकाठच्या फिशमार्क्टकडे निघतात. नाव मासळीबाजाराचं, पण तिथे मासळीबरोबर फळं, कुंड्या, कोंबड्या, टोप्या, सगळं मिळतं. विक्रेते गाडीवर उभे राहून असे ओरडतात की आपल्याकडची बोहारणीशी चाललेली घासाघीस त्यापुढे कुजबुज वाटावी. एक फळवाला तर टोपलीत केळ्यांचे घड कोंबत जातो, गिऱ्हाईक नको म्हणेपर्यंत कोंबतो आणि शेवटी अननस वर ठेवून भाव सांगतो. शेजारीच मासळीच्या लिलावाची जुनी इमारत आहे. त्यात रविवारी सकाळी बँड वाजतो, लांबच लांब बाकांवर लोक माशाचा पाव खातात, बिअर पितात, आणि रात्रभर नाचलेली पोरं चर्चला निघालेल्या आजीबाईंशेजारी बसून कॉफी घेतात. मला हे शहर सगळ्यात जास्त आवडतं ते त्या दोन-चार तासांत.

आमच्या ठाण्यात मात्र रविवार सकाळ म्हणजे निस्तरण्याची वेळ. कोणाचा मोबाईल गेलेला, कोणाचा बूट गेलेला, आणि पाकीट मारलं म्हणून रडणाऱ्यांपैकी निम्म्यांचं पाकीट दुसऱ्या खिशात सापडणारं. कोठडीतल्यांना पाणी द्यायचं, नावं विचारायची, घरी पाठवायचं. मी साध्या कपड्यांतल्या तपास पथकात होतो आणि माझी पाळी संपत आली होती. तेवढ्यात लिलावघरातून बिअर वाढणाऱ्या बाईंचा फोन आला. एका बाकावर बराच वेळ बेवारस पिशवी पडून आहे आणि तिच्यातून टिकटिक ऐकू येते आहे.

त्या काळात बेवारस पिशवी म्हटलं की युरोपभर पोलीस कामाला लागायचे. इमारत रिकामी केली, चारी बाजूंनी फिती बांधल्या, बॉम्बशोधक पथक बोलावलं. त्या बाईंनी गस्तीच्या हवालदाराला पहिली माहिती दिली. टोपी घातलेला एक म्हातारा आणि निळ्या जाकिटातला एक तरुण तिथे होते. दोघेही दक्षिण आशियातले वाटत होते, परक्या भाषेत वाद घालत होते. तरुण चिडलेला होता. तो आधी निघून गेला, मग म्हातारा पिशवी तिथेच ठेवून दुसऱ्या दाराने गेला.

निळं जाकीट अर्ध्या तासाच्या आत सापडलं. फितीपाशी येऊन त्याने एका पोलिसाला काय झालं म्हणून विचारलं, पिशवीचं उत्तर ऐकलं आणि पाठ फिरवून भराभर स्टेशनच्या दिशेने चालू लागला. नुसत्या पळणाऱ्याला पोलीस एकवेळ विसरेल, पण विचारपूस करून मग पळणाऱ्याला विसरत नाही. त्याला आमच्याकडे आणलं.

माझी वरिष्ठ सहकारी वयाने मोठी, बोलायला तुटक आणि कामाला पक्की बाई होती. तिने खोलीत शिरताना मला सांगितलं, "आल्झो, तर मग तू बस. गरज पडेपर्यंत बोलू नकोस." माझंही तेच ठरलं होतं. मला मराठी येतं हे मी कधी पहिल्या मिनिटाला सांगत नसे. आपली भाषा कळणारा समोर आहे म्हटलं की माणूस एकतर गळ्यात पडतो नाहीतर तोंड मिटतो, आणि दोन्हींत तपासाचं नुकसान होतं.

तरुण तिशीतला होता. खिशातल्या कार्डावरून कळलं की विमानांच्या कारखान्यासाठी संगणकाचं काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. आडनावावरून मराठी हे मी ओळखलं. सहकारी इंग्रजीत विचारत होती.

"पिशवी कोणाची?"

"माहीत नाही."

"तुझ्याबरोबरचे गृहस्थ कोण?"

"माझ्याबरोबर कोणी नव्हतं. मी एकटाच आलो होतो."

"एकटा? रविवारी इतक्या सकाळी?"

"संगीत ऐकायला."

"कोणतं वाजत होतं?"

"बँड," एवढंच तो म्हणाला. टेबलावर ठेवलेला त्याचा मोबाईल सारखा थरथरत होता. प्रत्येक वेळी तो त्याकडे बघे आणि नजर काढून घेई. मध्येच त्याने स्वतःहून विचारलं, "ती पिशवी तुम्ही फोडणार का?" माझ्या अनुभवात, ज्याने खरोखर काही घातक ठेवलेलं असतं तो असा प्रश्न विचारत नाही. त्याला कोण सापडलं यात रस असतो. याला पिशवीची काळजी होती. पण काळजी हा पुरावा नव्हे, आणि एवढा शिकलेला माणूस दर दोन वाक्यांनी खोटं बोलतो आहे हेही तितकंच खरं होतं. सहकारीने त्याला कल्पना दिली की संशयित म्हणून जबाब नोंदवायला घेतला तर त्याची खबर कारखान्याच्या सुरक्षा विभागाला जाऊ शकते. त्याचा चेहरा उतरला, पण उत्तर बदललं नाही. एकटाच होतो.

तेवढ्यात खालून एक शिपाई छायाचित्रं घेऊन आला. इमारत रिकामी झाल्यावर पथकाने लांबूनच डिजिटल कॅमेऱ्याने बाकाचे फोटो काढले होते. बाकाच्या टोकाला कापडी पिशवी होती. तिच्या शेजारून ओळीने, सारख्या अंतरावर, चार पांढरे कापडी चौकोन पसरलेले होते.

सहकारीने भुवया उंचावल्या. "हे काय? खुणा आहेत? चार खुणा कशासाठी?"

मी ते चित्र हातात घेतलं आणि मला हसू आवरेना. इतक्या गंभीर प्रसंगी हसल्याबद्दल तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. तिला बाहेर नेलं आणि सांगितलं की साताऱ्याच्या एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत माझी आई मला उचलून धरायची आणि मी खिडकीतून आत रुमाल टाकायचो. रुमाल पडला की ती जागा आमची. धिप्पाड पैलवान आला तरी तो रुमालावर बसत नसे. भांडण झालंच तर रुमाल कोणाचा आधी पडला यावर होई, रुमालाला मान द्यायचा की नाही यावर कधी नाही. आणि पिशवीचंही तेच. रुमालाशेजारची पिशवी कोणी उचलत नाही, कारण तिचा मालक जवळपासच चहा पीत असतो.

तिने ते चित्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "गेनाऊ, अगदी तसंच. माझा नवरा सुट्टीत मायोर्का बेटावर हेच करतो. पहाटे उठून पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून येतो आणि परत झोपतो." मग तिचा चेहरा पुन्हा कडक झाला. "पण तुझा तर्क चुकला तर खाली माणसं मरतील. पथकाला मी नुसत्या रुमालावर थांबवू शकत नाही. पिशवीचा मालक आण."

आम्ही आत आलो. मी त्याच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. मराठीत विचारलं, "चार जागा कोणाकोणासाठी धरल्या होत्या?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली होती. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सगळं बाहेर पडलं.

"सासरे आहेत माझे. बार्शीचे. महिनाच झालाय येऊन. बायकोचे दिवस भरत आलेत, सासूबाई नाहीयेत, म्हणून बाळंतपणाला बाबाच आले. अजून हे शहर बघितलं नाही त्यांनी, म्हणून म्हटलं रविवारी मार्केट दाखवू, बँड ऐकवू. बायको मागून एस-बानच्या लोकलने येणार होती. आत आल्या आल्या त्यांनी चार रुमाल टाकले, साहेब, आमचे तिघांचे आणि बायकोला ऐसपैस बसता यावं म्हणून एक जास्तीचा. मी म्हटलं, बाबा, इथे असं नसतं करत, लोक बघतायत. ते म्हणाले, असू द्या, तुम्ही पोरीला घेऊन या, मी जागा राखतो. मी वैतागून स्टेशनकडे गेलो. तिची गाडी उशिरा होती म्हणून परत येतो तर पोलीस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांच्या व्हिसासाठी मी लिहून दिलंय. फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. त्यांचा सगळा खर्च, सगळी जबाबदारी माझी. आणि माझी कारखान्यातली परवानगी सुरक्षा तपासणीवर आहे. पोलिसात नाव गेलं की पास जातो, पास गेला की नोकरी, आणि नोकरी गेली की इथलं राहणंच जातं. बाळ यायचंय."

"पिशवीत काय आहे?"

"धपाटे. शेंगदाण्याची चटणी. आणि त्यांचं गजराचं घड्याळ, गोळी चुकू नये म्हणून बाळगतात."

इतकं सगळं त्याच्या बोलण्यात होतं, पण मालक हाताशी नव्हता. पथकप्रमुखाला फोन केला. तो म्हणाला, यंत्र लावून झालं आहे, पाण्याच्या माऱ्याने पिशवी उडवायची तयारी आहे, तुझा माणूस लवकर आण. मी उतारावरून खाली धावलो. हे मी पन्नाशीत केलं, म्हणून उल्लेख करतो.

फितीच्या बाहेर बाजार जोरात चालू होता. जर्मन माणसाला बॉम्बची शंका आणि स्वस्त केळी एकाच वेळी दिसली तर तो केळी घेऊन मग शंकेकडे बघतो. बँडवालेही बाहेर येऊन नदीकाठी वाजवत होते. त्या गर्दीत टोपी शोधायला वेळ लागला नाही. आजोबा फितीला अगदी चिकटून, पहिल्या रांगेत उभे होते. एका हातात भरगच्च फळांची टोपली, वर अननस, दुसऱ्या हातात जांभळ्या फुलांची कुंडी. चेहऱ्यावर जत्रेला आलेल्या माणसाचा आनंद.

मी शेजारी जाऊन मराठीत म्हटलं, "नमस्कार काका. कशाची गर्दी आहे?"

त्यांना काही विशेष वाटलं नाही. परदेशात मराठी बोलणारा भेटला की आपल्या लोकांना तो भेटायचाच होता असं वाटतं. "मंत्री येणार असावेत," ते म्हणाले. "रस्ता अडवून ठेवलाय. आमची जागा आहे आत, धरून ठेवलीय, म्हणून काळजी नाही. तुम्ही कुठले?"

मी ओळखपत्र दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. मंत्री नाही, पिशवी. टोपली त्यांच्या हातातून खाली उतरली. आजोबा हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच, की माणसाने एका क्षणात पाठ ताठ केली.

"पिशवी माझी आहे," ते म्हणाले. "रुमालही माझे. मीच टाकले."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच आलो."

"एकट्याला चार जागा?"

"मला ऐसपैस बसायची सवय आहे."

"काका, बार्शीहून हॅम्बर्गला एकटेच आलात? इथे कोणाकडे राहता?"

"इथे माझं कोणी नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्या अननसाकडे बघत राहिले.

मी जास्त ताणलं नाही, कारण वेळ नव्हता. त्यांना पथकप्रमुखाकडे नेलं. पिशवीत काय कशाखाली आहे ते त्यांनी क्रमाने सांगितलं, आणि यंत्राच्या पडद्यावर दिसत होतं त्याच्याशी ते जुळलं. तीन कप्प्यांचा डबा, घड्याळ, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. जाडजूड पोशाखातला एक जवान आत गेला आणि थोड्या वेळाने पिशवी हातात घेऊन चालत बाहेर आला. चार रुमाल त्याने घडी करून वर ठेवले होते. आजोबांनी त्याला वाकून नमस्कार केला. जवान इथल्या पद्धतीचा नमस्कार करत म्हणाला, "मॉइन."

मग जबाबासाठी आजोबांना ठाण्यात आणावं लागलं. वाटेत ते गप्प होते. एकदाच म्हणाले, "साहेब, जो काही दंड असेल तो मला करा. चिठ्ठीवर माझंच नाव घाला, दुसऱ्या कोणाचं नको."

आम्ही खोलीत शिरलो. जावई उठून उभा राहिला. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं आणि अनोळखी माणसाकडे पाहिल्यासारखी नजर फिरवली. मुख्याध्यापकांनी आयुष्यभर मुलांची खोटी तोंडं पाहिली असतील, पण स्वतःचा अभ्यास अगदी कच्चा होता.

सहकारीने तरुणाचा पहिला जबाब आणि आजोबांचं बोलणं मी टिपलेलं, असे दोन्ही कागद समोर ठेवले आणि मला म्हणाली, "बघ. एकटेच आलेले दोन पुरुष आणि चार रुमाल. यांना विचार, बाकीचे दोन रुमाल तरी कोणाचे?"

मी ते मराठीत सांगितलं. आजोबांना कळलं की जावयानेही तेच सांगितलं आहे. ते हळूच खुर्चीवर बसले. "म्हणजे तुम्हीही माझ्यासाठी..." असं काहीसं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांत मला अभिमान दिसला. जावई चांगला मिळाला, असा.

इथे तो तरुण गप्प बसला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मला तर वाटत होतं की त्याने गप्पच बसावं. पण तो म्हणाला, "नाही, बाबा. तुमच्यासाठी नाही. मी 'एकटाच आलो' म्हणालो तेव्हा तुमचा विचारही डोक्यात नव्हता. नोकरीचा होता. तुम्ही गर्दीत कुठे असाल, तुम्हाला रस्ता सापडेल का, हे नंतर सुचलं. आधी नोकरी आठवली."

सहकारीला शब्द कळले नव्हते, पण तिने पेन खाली ठेवलं. आजोबांनी ते चार रुमाल मांडीवर घेतले आणि एकेक पुन्हा उलगडून घडी घालू लागले. तिसऱ्या रुमालापाशी ते थांबले.

"जावईबापू," ते म्हणाले, "नोकरी कोणासाठी करता?"

जावई टेबलावरच्या मोबाईलकडे बघू लागला.

"माझ्या पोरीसाठी ना? मग माझा विचार आधी केला असतात तर मी तुम्हाला विचारलं असतं, पोरीचा का नाही केला." एवढं बोलून त्यांनी उरलेल्या घड्या पूर्ण केल्या. मग म्हणाले, "फोन उचला तो. ती घाबरली असेल."

मोबाईल टेबलावर अजून थरथरत होता. त्याने तो उचलून आजोबांपुढे धरला, आणि आजोबांनीच मुलीला सांगितलं की आम्ही दोघं एकत्र आहोत, बँड छान आहे, जागा मिळाली नाही, तू परत घरी जा, आम्हीही येतोय. त्या सकाळचं त्यांचं हे दुसरं खोटं, आणि हे पहिल्यापेक्षा बरंच सफाईदार होतं.

प्रकरण त्याच दिवशी मिटलं. सहकारीने जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. आधी दिलेली चुकीची माहितीही लिहिली आणि ती थोड्याच वेळात स्वतःहून सुधारली हेही. गुन्हा नाही, असा शेरा मारला. पुढे कारखान्याच्या सुरक्षा विभागातून विचारणा आली तेव्हा तिने हेच फोनवर वाचून दाखवलं, आणि पलीकडच्या माणसाने म्हणे आपल्या सासऱ्याचा एक किस्सा सांगून फोन ठेवला. तरुणाचा पास शाबूत राहिला. मुलगी झाली. हे मला त्यानेच पेढे घेऊन येऊन सांगितलं.

मी या पेशात शेकडो जबाब घेतले. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की एकच खोटं दोघांनी सांगितलं तर ते आधी ठरवून सांगितलेलं असतं. नियम म्हणून तो वाईट नाही, बऱ्याचदा खरा ठरतो. त्या दिवशी मात्र दोन माणसांनी न ठरवता, वेगवेगळ्या जागी, तेच शब्द उच्चारले. एकाने घाबरून आणि एकाने मायेने. कागदावर ती दोन वाक्यं इतकी सारखी होती की कोणतं कोणाचं हे वरचं नाव झाकलं तर मलाही सांगता आलं नसतं. खोटं पकडणं हे आमचं काम, ते आम्हाला शिकवतात. ते खोटं कोणासाठी आहे हे मात्र कोणी शिकवत नाही, ते विचारावं लागतं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझी एक सवय झाली. समोरचा माणूस "मी एकटाच होतो" म्हणाला की मी त्यावर वाद घालत नसे. पाणी पुढे करायचो आणि विचारायचो, "घरी कोण वाट बघतंय?" बहुतेक जण तिथे रडायचे.